अंगणात हरवलेली मोटार

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा सरत आला की या सदराकडे मातीविषयीची पत्रे येऊ लागतात आणि त्यांत बहुधा गुलाबाची छाटणी किंवा गांडूळखत यांचीच चौकशी असते. या वेळी मात्र पाच पत्रे मातीत हरवलेल्या खेळण्यांविषयी आली. पुण्यातील जुने बंगले आणि वाडे पुनर्विकासासाठी रिकामे होत आहेत, मेटल डिटेक्टर घरबसल्या मागवता येतो, आणि घर सोडण्यापूर्वी अंगण एकदा धुंडाळून पाहावे असे अनेकांना वाटते आहे. पत्रे संक्षेपाने छापली असून वाचकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : एरंडवण्यातील आमचा वडिलोपार्जित बंगला दिवाळीनंतर पाडला जाणार आहे. १९७४च्या सुमारास माझ्या धाकट्या भावाची निळ्या रंगाची, बोटभर लांबीची ओतीव मोटार अंगणात हरवली होती आणि त्यावरून घरात बरेच रामायण झाले होते. चुलतभावाने मेटल डिटेक्टर आणला आहे. यंत्र ‘लोखंड वगळून’ लावून आम्ही दोन रविवार अंगणभर फिरलो, पण दोन बाटल्यांची झाकणे आणि दातवणाच्या पेस्टची एक चुरगळलेली नळी यांपलीकडे काही हाती लागले नाही. आमचे काय चुकते आहे? (एक वाचक, एरंडवणे)

उत्तर : आपण अंगणात नाणी शोधणाऱ्याच्या पद्धतीने फिरत आहात. खेळणी शोधणाऱ्याला ती पद्धत उपयोगाची नाही.

यंत्राच्या तळाशी असलेल्या चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो (हौशी लोकांच्या यंत्रांत ही वारंवारता बहुधा ५ ते २० किलोहर्ट्झच्या दरम्यान असते) आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील धातूत गरगरणारे बारीक प्रवाह निर्माण होतात. त्या प्रवाहांचा प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते आणि तो प्रतिसाद मूळ प्रवाहाच्या किती मागे पडतो यावरून धातू कोणता असावा याचा अंदाज यंत्र बांधते. नाणी शोधणारा लोखंडाचा आवाज बंद करून टाकतो, कारण त्याला खिळे नको असतात. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुलांच्या हातात काय असे ते आठवून पाहा. टिकल्यांचे पिस्तूल, चावीची पत्र्याची मोटार, जत्रेत मिळणारी पुटपुट करणारी होडी, भोवऱ्याची आर, काठीने पळवायचे कडे, हे सारे लोखंडाचेच होते. यंत्राला लोखंड वगळायला सांगितले की ही सगळी खेळणीही वगळली जातात.

आपली निळी मोटार जस्ताच्या मिश्रधातूची असणार, म्हणजे ती एरवी ऐकू यायला हवी. मात्र तिच्या चाकांचे आस पोलादाचे असतात, आणि मोटारीशेजारी एखादा खिळा पडला असेल तर चकतीखाली दोन्ही एकदम येतात. लोखंड गाळण्याच्या नादात यंत्र त्या वेळी मोटारीचा आवाजही गिळून टाकते. म्हणून सगळे धातू ऐकू येतील असे यंत्र लावा, चकती लहान म्हणजे पाच-सहा इंची घ्या आणि ती जमिनीपासून दोन बोटे वर ठेवून, केर काढताना हात चालतो त्याहून सावकाश फिरवा. लहान चकतीची खोली थोडी कमी भरते, पण खिळा आणि मोटार तिला वेगळे ऐकू येतात. ओतीव मोटारीचा आवाज कधी उंच, कधी मध्यम, आणि चकती नव्वद अंशांनी वळवून पुन्हा फिरवली तरी टिकणारा असतो. बारीक खिळ्याचा आवाज एका बाजूने स्पष्ट तर दुसऱ्या बाजूने तुटका येतो. गंजलेला सपाट पत्रा मात्र भल्याभल्यांना चकवतो. तो तांब्या-चांदीसारखा उंच वाजतो आणि खोदल्यावर डालड्याच्या डब्याचे झाकण निघते.

दुसरी गोष्ट पुण्याच्या जमिनीची. आपल्याकडील काळा पाषाण हा ज्वालामुखीचा खडक असून त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. तोच झिजून त्याचा मुरूम आणि काळी माती झाली आहे. बागेसाठी बाहेरून आणलेली लाल मातीही लोहयुक्तच असते. त्यामुळे परदेशी माहितीपत्रकात लिहिलेली खोली येथे मिळत नाही आणि यंत्र उगीचच कुरकुरत राहते. यंत्रावर जमिनीशी जुळवून घेण्याची सोय असते. धातू नसलेल्या जागी चकती गुडघ्याइतकी वर-खाली करून, आवाज स्थिर होईपर्यंत ती जुळवावी आणि माती काळीवरून लाल झाली की पुन्हा जुळवावी. चांगल्या जमिनीत नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत ऐकू येते. येथे चार-सहा बोटे कमी धरावीत. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि लहानसहान वस्तू त्या भेगांतून खाली उतरतात. पावसाने भेगा मिटल्या की वस्तू खालीच राहते. म्हणूनच मोटार सापडत नाही याचा अर्थ ती तेथे नाही असा घेऊ नये. वरची चार बोटे माती काढून, चाळून, पुन्हा एकदा यंत्र फिरवून पाहावे.

मात्र यंत्राला हात लावण्यापूर्वी भावाला आणि घरातील सर्वांत वयस्कर माणसाला अंगणात खुर्ची टाकून बसवा, असे मी आग्रहाने सांगेन. दिवाळीचा किल्ला कोणत्या कोपऱ्यात होत असे? विटी-दांडूची गल कुठे होती? न्हाणीघराचे पाणी कोठून वाहत जाई, आंब्याखाली बाज कुठे टाकत? किल्ल्याचा कोपरा तर कधीच सोडू नये. मातीचे मावळे यंत्राला ऐकू येत नाहीत, पण किल्ल्याच्या पायथ्याच्या रस्त्यावर मोटारी लागत असत आणि दिवाळी सरल्यावर किल्ला जागच्या जागी ढासळत असे. त्याखाली काय काय दडपले जाई, याचा हिशेब कोणी ठेवत नसे. प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत, मालकांच्या परवानगीने, मी अशाच एका कोपऱ्यात अर्धा दिवस काढला आहे. चिकूच्या बुंध्यापासून दोन हातांवर आवाज आला. खुरप्याने हिरवळीचा तुकडा तीन बाजूंनी कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटला, तर आधी दाढीचे एक ब्लेड निघाले, मग दुसरे, मग तिसरे. खड्डा बुजवण्यापूर्वी चकती पुन्हा धरली, तेव्हा खालून जाडसर आवाज येतच होता. आणखी चार बोटांवर टिकल्यांच्या पिस्तुलाची अर्धी मूठ होती. तिच्या पत्र्याचा पापुद्रा झाला होता, पण घोड्याची लहानशी कमान जशीच्या तशी होती आणि अंगठ्याने दाबली तर किंचित हललीही. एक आवाज म्हणजे एकच वस्तू असे समजून खड्डा बुजवू नये, हे त्या दिवशी मला कळले.

काम पाडकामाआधीच उरका. एकदा जेसीबी फिरला आणि राडारोडा अंगणात पडला की तारा, खिळे आणि सळयांचे तुकडे यांत कोणतेही यंत्र बहिरे होते.

प्रश्न : मोबाइलमध्ये मेटल डिटेक्टरचे अॅप असते. वेगळे यंत्र घेण्याची खरेच गरज आहे का? (एक विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : आहे. मोबाइलमध्ये होकायंत्रासाठी चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक असतो आणि अॅप त्याचेच आकडे दाखवते. लोखंड अगदी काही सेंटिमीटर अंतरावर आले तर आकडा हलतो. तांबे, पितळ, जस्त, शिसे आणि अॅल्युमिनियम यांना तो दाद देत नाही, म्हणजे ओतीव मोटारी आणि भातुकली दोन्ही गेल्या. भिंतीतील खिळा शोधायला अॅप ठीक आहे.

प्रश्न : नारायण पेठेत नदीच्या बाजूला आमचा वाडा होता. १९६१च्या पुरात माझ्या आईची भातुकली गेली. तांब्याचा बंब, पितळेची कळशी, परात, घंघाळ असा तिचा पूर्ण संसार होता. वाड्याचा मागचा चौक अजून मोकळा आहे. पुरात वाहून गेलेल्या वस्तू तेथे सापडण्याचा संभव आहे का? आई आता ७८ वर्षांची आहे. (एक वाचिका, पुणे ३०)

उत्तर : संभव आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्याहून थोडा अधिक असावा, असे मला वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. वाहते पाणी ज्या रस्त्याने धावते त्या रस्त्यावरच्या वस्तू नेते. पण बंदिस्त चौकात शिरलेले पाणी फिरत राहते, संथ होते आणि ओसरताना गाळ मागे ठेवून जाते. हलक्या लाकडी बाहुल्या आणि कपडे तरंगून गेले असतील. तांब्या-पितळेच्या वजनदार वस्तू मात्र जेथे पडल्या तेथेच गाळात बसल्या असण्याची शक्यता आहे. भिंती पडल्या असतील तर त्यांच्या मातीखालीही.

प्रश्न आहे तो पूर ओसरल्यावरचा. बहुतेक घरांतून लोकांनी फावड्यांनी गाळ उपसला आणि बाहेर टाकला. आपल्या चौकातील गाळ उपसला होता का, आणि तो कोठे टाकला, हे आईंना विचारा. उपसला नसेल तर चौकाच्या कडेला हातभर खोल एक लहान चर घेऊन मातीचे थर पाहावेत. पुराचा गाळ बारीक, एकसारखा आणि खड्यांवाचून असतो, आणि वरच्या विटा-चुन्याच्या भरावापेक्षा तो वेगळा ओळखू येतो. तो थर हाताला लागला की आपल्याला कोठवर खोदायचे ते कळेल. तो यंत्राच्या आवाक्याबाहेर असेल, तर वरचा भराव आधी थोडाथोडा उचलल्यावाचून यंत्र फिरवण्यात अर्थ नाही.

तांबे-पितळ ऐकायला सोपे. त्यांचा आवाज उंच, स्वच्छ आणि दोन्ही दिशांनी सारखा येतो. शेजारी नाणे निघाले तर ते फेकू नका, त्यावरून थराचा काळ समजतो. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला, आणि ‘नया पैसा’ अशी अक्षरे असतील तर ते नाणे १९५७ ते १९६४च्या दरम्यानचे. ज्या थरात नया पैसा आहे तो थर १९५७पूर्वी साचलेला असू शकत नाही. भातुकली मात्र त्याहून कितीही जुनी असू शकते. अनेक घरांत ती आजीकडून नातीकडे आलेली असे. तशी भांडी तुळशीबागेत विकत मिळत आणि कसब्यातील तांबट आळीत ठोकून घडवली जात. जुनी घडाई कशी असे याची नजर बसावी म्हणून, खोदण्यापूर्वी बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक चक्कर टाकावी. तेथील रोजच्या वापरातील भांडी पाहिली की ठोक्याच्या खुणा आणि डाकाचे सांधे ओळखता येतात. मग मातीने लडबडलेला तुकडा पत्र्याचा समजून आपण टाकून देणार नाही. हिरवा कळंक चढलेला असेल तर तो घासू नका. आणि आईंना चौकात जरूर न्या. कळशी सापडो न सापडो, मोरी आणि तुळस कोठे होती हे त्यांच्याखेरीज कोणालाही अचूक सांगता येणार नाही.

प्रश्न : मी एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. आमच्या सभासदांची दोन मुले आणि त्यांचे मित्र सोसायटीच्या बागेत यंत्र घेऊन खोदकाम करतात. आमच्या जागेवर पूर्वी जुना बंगला होता, तेथील खेळणी शोधतो असे ते म्हणतात. परवानगी द्यावी का? उद्या काही मौल्यवान निघाले तर कोणाचे? (एक सचिव, कोथरूड)

उत्तर : द्यावी, पण लेखी. सोसायटीची बाग ही कोणा एका सभासदाची नसते, म्हणून व्यवस्थापक समितीचा ठराव असावा, त्यात जागा आणि वेळ स्पष्ट लिहावी, आणि खड्डा वीतभरापेक्षा खोल न्यायचा नाही अशी अट घालावी. विजेच्या केबल, पाण्याचे पाइप आणि पाइपच्या गॅसची जोडणी कोठून गेली आहे, याचा नकाशा बिल्डरने दिलेल्या कागदपत्रांत असतो. तो मुलांच्या हाती द्यावा आणि त्या रेषांच्या दोन्ही बाजूंना दोन हात जागा सोडायला सांगावे. झाडांच्या मुळ्या तोडायच्या नाहीत, हे मी वेगळे सांगायला नको. हातमोजे सक्तीचे करा आणि धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे का, हे पालकांना विचारून घ्या. अंगणात खेळण्यांपेक्षा ब्लेड आणि काचा कितीतरी अधिक निघतात.

मालकीचा प्रश्न चांगला आहे आणि सहसा कोणी विचारत नाही. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ हा कायदा आजही लागू आहे. त्यात ‘निधी’ म्हणजे जमिनीत दडवलेली कोणतीही किंमत असलेली वस्तू, आणि तिचे मूल्य दहा रुपयांपेक्षा अधिक असेल तर ती सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. ही दहा रुपयांची मर्यादा १८७८ सालची आहे हे लक्षात घेतले की तिची गंमत कळते. चौकशीअंती निधी बेवारस ठरला आणि जागेच्या मालकाने हक्क सांगितला, तर दोघांत वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा, अशी वाटणी कायद्यातच दिली आहे. न कळवल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. मुलाच्या हातून पडलेली मोटार कोणी दडवून ठेवलेली नसते, त्यामुळे तिच्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय गाठण्याची वेळ यायची नाही. पण मडके, नाण्यांची चवड, दागिने असे काही दिसले तर मुलांनी तेथेच हात थांबवावा, वस्तू हलवू नये आणि आपण लेखी कळवावे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदाही लागू होतो.

आणखी एक गोष्ट. कोथरूडला हा प्रश्न येणार नाही, पण मुलांचा उत्साह वाढला की ती पेठांकडे वळतील. शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या आवारात यंत्र नेणे किंवा खोदणे हा सरळ गुन्ह्याचा विषय होऊ शकतो. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरांचा नियंत्रित मानला जातो. अशा पट्ट्यात खासगी वाडा असला तरी पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय कुदळ उचलू नये. तसेच गोळी किंवा तोफगोळ्यासारखी वस्तू कोठेही दिसली तर तिला स्पर्श न करता पोलिसांना बोलवावे. लष्करी वसाहतींच्या या शहरात ही सूचना केवळ औपचारिक नाही.

प्रश्न : कॅम्पातील आमच्या भाड्याच्या घराच्या परसात मुलाला एक छोटी मोटार सापडली. तळावर इंग्रजीत ‘मेड इन इंग्लंड बाय लेस्नी’ असे कोरले आहे. रंग थोडासाच उरला आहे. ती किती जुनी असेल, आणि स्वच्छ कशी करावी? घरमालकांना दाखवली तर ते म्हणाले, “ठेवा तुम्हीच, आम्हाला काय करायचे!” (एक वाचिका, कॅम्प)

उत्तर : ती मॅचबॉक्सची मोटार आहे. लेस्नी या इंग्रज कारखान्याने १९५३ साली त्या नावाने लहान मोटारी काढायला सुरुवात केली आणि १९८२मध्ये तो कारखाना बुडाला. त्यामुळे आपली मोटार या दोन सालांच्या मधली. चाके पाहा. १९६९पासून त्यांनी बारीक आसाची, वेगाने पळणारी चाके आणली. आपल्या मोटारीचा आस जाड आणि चाके साधी असतील, तर ती त्याआधीची असण्याचा संभव अधिक. अशाच मोटारींच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना करतो. हॉट व्हील्स या अमेरिकी मोटारींच्या तळावर जे साल दिसते ते त्या नमुन्याच्या रचनेचे असते, मोटार तयार झाल्याचे नसते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी असे साल दाखवून चढा भाव सांगणारे भेटतात. आणि सर्वच ओतीव मोटारी विलायती असतात असेही नाही. डिंकी या विलायती मोटारींच्या जुन्या साच्यांवरून कलकत्त्यात ‘निकी’ या नावाने मोटारी निघत होत्या. त्यांच्या तळावरची अक्षरे नीट वाचावीत.

स्वच्छतेबाबत मात्र माझ्याकडून शिका आणि मी केले ते करू नका. कितीतरी वर्षांपूर्वी मला अशीच एक हिरवी व्हॅन मिळाली होती. पितळेची समई जशी चिंचेने उजळते तशी हीही उजळेल, या समजुतीने मी ती रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवली. सकाळी वाटीत हिरव्या रंगाचे पापुद्रे तरंगत होते आणि खालची धातू काळपट, देवीच्या व्रणांसारखी खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. आम्ल जस्ताला खाते. चिंच, लिंबू, व्हिनेगर आणि भांडी घासण्याच्या पावडरी यांपैकी काहीही ओतीव मोटारीला लावू नका. साध्या, शक्यतो बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात मोटार दोन-तीन तास ठेवा, मऊ दातघाशीने माती सुटेल तेवढीच काढा, पाणी बदला, आणि पुन्हा तेच करा. नंतर सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळवा. उन्हात ठेवू नका, सैल झालेला रंग उडतो. धातूला आतून बारीक भेगा दिसत असतील आणि ती फुगल्यासारखी वाटत असेल, तर तो जस्तातील शिशासारख्या अशुद्धींचा रोग आहे, आणि त्यावर इलाज नाही. अशी मोटार कोरड्या डब्यात ठेवावी आणि हाताळू नये. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारींत हा रोग अधिक दिसतो, आपली त्यानंतरची आहे.

जुन्या रंगांत शिसे असते. म्हणून मुलाला मोटार पाहू द्या, पण खेळायला देऊ नका आणि साफ करून झाल्यावर हात साबणाने धुवा. ब्रश पुन्हा स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात नेऊ नका. उरलेल्या रंगावर नवा रंग चढवण्याचा मोह होईल, तो टाळा. मोटार कोरडी झाली की चाके फिरतात का हे पाहण्याचीही घाई होते, पण आस गंजलेला असतो आणि जोर लावला की मोडतो. प्रत्येक टोकाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडून दोन दिवस वाट पाहावी, आणि मग टेबलावर नव्हे, जाड रुमालावर ठेवून बोटाने हलकेच पुढे ढकलावी.